भौजी, तू येशील ना कोर्टात?

माझा धाकटा दीर मला भौजी म्हणतो. मराठीच्या हिशेबाने मी त्याला भावजी म्हणायचं, आणि पहिल्या वर्षी म्हणायचेही. त्याला वाटायचं, मी त्याचीच हाक चुकीची परत करतेय. आमचं घर कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेला, पेनालला. नवरा पुण्यात शिकायला आला होता, तिथे ओळख झाली, लग्न झालं आणि मी इकडे आले. इथले भारतीय म्हणजे १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या, बहुतेक भोजपुरी बोलणाऱ्या मजुरांचे वंशज. ती भाषा आता जुन्या माणसांपुरती उरलीय, नात्यांची नावं मात्र टिकलीत. माझी मुलं सासूबाईंना ‘आजी’ म्हणतात, ते मी शिकवलेलं नाही.

दीर पकडला गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. खिशात क्रॅकचे दोन खडे आणि ओढायचा पाइप सापडला. क्रॅक म्हणजे ओढता येईल असं केलेलं कोकेन. त्याला इथे ‘रॉक’ म्हणतात आणि ते ओढणाऱ्याला ‘पायपर’. हा दुसरा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. व्हेनेझुएला इथून सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. कोकेन उत्तरेकडे जाताना या बेटावरून जातं आणि थोडं इथेच राहतं.

अटकेच्या आधीची चार वर्षं आम्ही सगळे खोटं बोलत होतो. सासूबाईंच्या हातात सोन्याचे बेरे असायचे, टोकांना कोकोच्या शेंगेचा आकार असलेल्या इथल्या बांगड्या. ते एकेक करून गेले. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, हाताला सूज येते म्हणून काढून ठेवलेत. मी त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन करून तीनदा ‘ताप आलाय’ सांगितलं. नवऱ्याने त्याची उधारी फेडली आणि मला ती गाडीच्या दुरुस्तीत दाखवली. एका केंद्रात ठेवूनही पाहिलं. तिथे दाराला कुलूप आणि दिवसभर प्रार्थना, बाकी काही नाही. नवव्या दिवशी तो भिंत चढून घरी आला.

पहिल्या वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, प्रकरण मिटवा. आम्हाला तेच हवं होतं. लाज लवकर झाकली गेली असती. पण तारखेला कोर्टात कायदेविषयक मदत देणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी दिराला बाजूला घेऊन विचारलं, “तुला हे थांबवायचंय का?” तो म्हणाला, “रोज थांबवतो.” त्यांनीच आम्हाला ड्रग ट्रीटमेंट कोर्टाबद्दल सांगितलं.

ही कल्पना अमेरिकेतली, १९८९ साली मायामीत सुरू झालेली. कॅरिबियनमध्ये जमैकाने १९९९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. त्रिनिदादमध्ये ओएएसच्या, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेच्या मदतीने २०१२ मध्ये सॅन फर्नांडोला प्रायोगिक कोर्ट सुरू झालं, आणि पेनाल सॅन फर्नांडोच्याच बाजूला, हे आमचं नशीब. व्यसनातून घडलेला, हिंसा नसलेला गुन्हा असेल आणि आरोपी स्वतःहून तयार असेल, तर तुरुंगाऐवजी उपचार, पण कोर्टाच्या नजरेखाली. अट अशी, की आधी गुन्हा कबूल करायचा. कार्यक्रम पुरा झाला तर तुरुंग टळतो. मध्येच सोडला तर कबुली कागदावर असतेच, शिक्षा त्यावरून होते.

या अटीवर घरात तीन रात्री वाद झाला. नवरा म्हणत होता, दंडावर सुटेल, कशाला सही करायची? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन खड्यांसाठी वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, एवढं करून शेवटी तुरुंगही लागू शकतो. तिसऱ्या रात्री दीर स्वतःच बोलला. “दंड भरला तर मी शनिवारी पुन्हा ओढीन,” म्हणाला. मग मला विचारलं, “भौजी, तू येशील ना कोर्टात?”

सहीच्या आधी तपासणी झाली. समुपदेशकाने दोन तास बसून कधीपासून, किती, कुणाबरोबर हे विचारलं. आरोपीवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसर घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे, संगत वाईट.” बाईंनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “मा, तुमचं घरातून काय काय गेलं?” सासूबाई गप्प राहिल्या. मीही.

पहिले काही आठवडे तो कौराला होता. उत्तरेकडच्या डोंगरात कौराचं खोरं आहे, तिथलं रुग्णालय पूर्वी क्षयरोग्यांसाठी होतं, आता व्यसनमुक्तीचा विभागही तिथे आहे. रविवारी आम्ही भेटायला जायचो. रस्त्यात नदीकाठी माणसं चुली मांडून बदकाची करी शिजवत असायची, गाणी लावलेली. त्या गर्दीतून वर रुग्णालयाकडे वळताना दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुण्याहून आईने फोनवर पहिला प्रश्न हाच केला होता: “औषध काय देतात?” हेरॉइन, ब्राउन शुगर यांसाठी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं आहेत. कोकेनच्या व्यसनासाठी तसं सिद्ध झालेलं औषध नाही. झोप, जेवण, समुपदेशन, गटात बसून बोलणं, आणि ओढायची इच्छा कधी आणि कशाने होते हे ओळखणं, एवढाच उपचार. आई पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राजवळ राहिलेली आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी ते सुरू केलं तेव्हापासून तिने तिथे येणाऱ्या बायका पाहिल्यात. ती म्हणाली, “मग घरच्यांनाही बसवतात ना?” बसवत होते.

कौराहून सुटल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. दर दुसऱ्या आठवड्याला कोर्ट. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी, कधी ते आदल्या दिवशी कळायचं. कोकेनच्या खुणा लघवीत साधारण दोन ते चार दिवस राहतात, म्हणून ठरलेला एकच वार चालत नाही. समुपदेशन, गटाची बैठक आणि या सगळ्यातून नोकरी. दोन मालकांनी त्याला काढलं. तिसऱ्याला आम्ही पहिल्याच दिवशी कागद दाखवले, तो टिकला. तुमच्या घरात कुणी या वाटेवर असेल तर तारखांचा कागद मालकाला आधीच द्या. आम्ही लपवून दोन नोकऱ्या घालवल्या.

कोर्टातलं वातावरण मला आधी खरं वाटेना. सुनावणीआधी मॅजिस्ट्रेट, सरकारी बाजूचे पोलीस, बचावाच्या वकीलबाई, प्रोबेशन ऑफिसर आणि समुपदेशक एकत्र बसून प्रत्येकाबद्दल बोलायचे. मग एकेकाला पुढे बोलवायचे. मॅजिस्ट्रेट दिराला विचारायचे: झोप लागते का? आईशी बोलतोस का? मागच्या वेळी पाठ दुखत होती, दाखवली का? तेच न्यायाधीश, तेच प्रश्न, आणि मागचं उत्तर त्यांना आठवत असायचं. त्याच्या आयुष्यात बापानंतर कुणी अधिकारी माणसाने त्याला दुसऱ्यांदा काही विचारलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात शेजारचे काका गेले. इथे मृताच्या घरी रात्ररात्र जागतात, पत्ते खेळतात, रम असते. कार्यक्रमात दारूही बंद असते. मला ते जाचक वाटायचं, कारण त्याच्यावर दारूचा गुन्हा नव्हताच. त्या रात्री कळलं. दोन पेग झाले आणि तो तिथूनच उठून गेला. पहाटे साडेचारला मागच्या दाराने आला. मी जागी होते. तो म्हणाला, “भौजी, मी ओढलं.”

सकाळी आठला प्रोबेशन ऑफिसरांचा फोन आला, नेहमीची चौकशी. “सगळं ठीक?” मी म्हणाले, “ठीक आहे.” चार वर्षांची सवय. फोन ठेवला आणि वळले तर तो दारात उभा. “आता मी खरं सांगितलं तर तू खोटी ठरशील,” म्हणाला. मी लगेच परत फोन लावला. हात इतके थरथरत होते की दोनदा चुकीचा नंबर लागला. आधी मी बोलले, मग तो.

कोर्टात त्या दिवशी आणखी एक जण उभा होता. तपासणीत सापडूनही तो नाकारत होता. त्याला त्या दिवशी घरी जाता आलं नाही. दिराला कार्यक्रमाच्या मागच्या टप्प्यावर पाठवलं, तपासण्या वाढवल्या, जागरणाच्या घरी जायला बंदी केली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, “सापडण्याआधी तू सांगितलंस, ते मी लिहून ठेवतोय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आणि तुमचा दुसरा फोनही.” मी बाहेर आले आणि सॅन फर्नांडोच्या हॅरिस प्रॉमिनाड या रस्त्यावर गांधीजींच्या पुतळ्यापाशी बसून खूप रडले.

त्यानंतर दहा महिने लागले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तारखा, बस, रांगा, उन्हाळा, पाऊस.

भारतातले नातेवाईक विचारतात, आपल्याकडे असं का नाही. वेगळं कोर्ट नाही, पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३९ आहे, त्याखाली न्यायालय व्यसनी दोषीला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. कलम ६४-अ खाली, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवरचा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला टळू शकतो. अर्ज मात्र कुणीतरी करावा लागतो. वकिलाला या दोन कलमांबद्दल नाव घेऊन विचारा. आम्हाला त्या वकीलबाई भेटल्या नसत्या तर आम्ही दंड भरून घरी आलो असतो.

शेवटच्या दिवशी कोर्टात टाळ्या वाजल्या. सरकारी बाजूच्या पोलिसांनी पुढे येऊन दिराचा हात हातात घेतला. सासूबाई पहिल्यांदाच आल्या होत्या, डोक्यावर ओढणी घेऊन, मागच्या बाकावर.

पुढच्या महिन्यात घरी कथा होती. अंगणात नव्या झेंड्या, म्हणजे पूजेचे बांबूवरचे झेंडे, लावल्या, गावातल्या बायका जेवायला बसल्या. एकीने सासूबाईंचा मोकळा हात धरून विचारलं, “अगं, तुझे बेरे कुठे गेले?” मी वाढता वाढता थांबले. सासूबाई म्हणाल्या, “मुलाने विकले. तेव्हा तो रॉक ओढायचा.” आणि तिच्या पानावर आणखी भात घातला.