इंग्लंडचे जंत आणि पारोशी लेक

नोव्हेंबरातला मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. नवरा मोबाइलचा टॉर्च धरून उभा, मी पलंगाशी गुडघ्यांवर, आणि साडेचार वर्षांची आमची लेक पालथी पडून गाढ झोपलेली. "आई, ढुंगू खाजतंय" म्हणत रडत उठण्याची तिची ती तिसरी रात्र होती. आधीच्या दोन रात्री मी खोबरेल तेलावर भागवलं होतं. त्या रात्री म्हटलं, बघूच. बघितलं तर पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा, सेंटिमीटरभर असेल नसेल. नवरा म्हणाला, "पायजम्याचा धागा आहे गं." तेवढ्यात तो धागा हलला.

खरं सांगते, औषधबिवषध मला नंतर सुचलं. आधी मनात आलं, आता हे शाळेत कळणार. लीड्समधली शाळा, वर्गात तीस पोरं, त्यात देशी घरं दोन, आणि उन्हाळी सुट्टीत पाच आठवडे मिरजेला राहून आलेलं घर एकच. तिथे पोरगी अनवाणीच फिरायची. मामाच्या मळ्यातला पेरू झाडावरून थेट तोंडात. पावसाच्या चिखलात तर तिने जे काही केलं त्याचे व्हिडिओ मी स्वतः हौसेने इथल्या आयांना दाखवलेत. आता त्याच आया म्हणणार, बघा, तिकडून काय घेऊन आली.

मग रात्री बारा वाजता मी कॅलेंडर घेऊन बसले. आम्ही परतलो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. हे जंत जगतात साधारण सहा आठवडे. म्हणजे मिरजेहून कोणी आला असेल तर तो दसऱ्याच्या आसपासच खलास व्हायला हवा. सुटलो! माझा देश निर्दोष! नवऱ्याने शांतपणे विचारलं, "आणि त्याने घातलेली अंडी?" त्याच्याशी मी दोन दिवस नीट बोलले नाही.

कारण मुद्दा त्याचाच बरोबर होता. मादी रात्री, पोर झोपलं की, बाहेर येते आणि शीच्या जागेभोवती हजारोंनी अंडी घालते. त्याची खाज सुटते. पोर झोपेतच खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात जातात, की पुन्हा पहिल्यापासून. माती लागत नाही, चिखल लागत नाही, मिरज तर मुळीच लागत नाही. एक नख आणि एक अंगठा पुरतो. आमची लेक अंगठा चोखते. इथे हा सगळ्यात जास्त आढळणारा जंत आहे, आणि तो काही आमच्यासारख्यांनी विमानातून आणलेला नाही. अमेरिकेतही घरोघरी तोच. न्यू जर्सीची जाऊ म्हणाली, "हां, पिनवर्म! आमच्याकडे दोनदा झाले." सहा वर्षं आम्ही रोज बोलतोय. या बयेने एकदाही सांगितलं नव्हतं.

आई पहाटे पाचला उठते, म्हणजे इथले रात्रीचे साडेअकरा. कॅलेंडर मिटलं आणि फोन लावला. आईचा पहिला प्रश्न, "झोपेत दात खात होती का?" खात होती. "मग! मी तेव्हाच म्हटलं होतं, हिला जंत झालेत." त्यानंतर वावडिंग, डिकेमाली, किरमाणी ओवा, गूळ बंद, केळं बंद, असं सगळं क्रमाने आलं. डिकेमाली म्हटल्यावर चाळीस वर्षांची मी फोनवर तोंड वाकडं केलं. त्या वासाची आठवण अजून नाकात आहे. गुळाने जंत होत नाहीत आणि दात खाण्याचा जंतांशी पक्का संबंध सिद्ध झालेला नाही, हे मला माहीत होतं. बोलले नाही. पहाटे पहाटे आईशी वाद घालायचा नसतो, आणि दुसरी एक गोष्ट मला बोचत होती.

माझी वहिनी तासगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, सहसा 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला. एक ते एकोणीस वर्षांच्या पोरांना शाळेत नाहीतर अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला लावतात, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. वहिनीने ऑगस्टात सहज म्हटलं होतं, "आमच्या पोरांबरोबर हिलाही देऊन टाकू या का?" आणि मी, आठ वर्षं लीड्समध्ये काढलेली मी, म्हणाले होते, "नको गं, तिकडे असलं काही नसतं."

असलं काही नसतं! हे वाक्य गेले तीन आठवडे माझ्या कानात वाजतंय. आता स्वतःची बाजू मांडते, कारण दुसरं कोणी मांडणार नाही. आपल्याकडचा तो कार्यक्रम मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी, म्हणजे पोरांचं रक्त आणि वाढ खाणारी मंडळी. आमचा हा दोऱ्यासारखा जंत वेगळा, अंथरुणातला. ती गोळी यालाही मारते, पण ऑगस्टात घेतलेली गोळी नोव्हेंबरात राखण करत बसत नाही. त्यामुळे तेव्हा दिली असती तरी हे टळलंच असतं असं नाही. हे सगळं मी वहिनीला पाठवायला लिहून काढलं, आणि पाठवलं नाही.

सकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. रांगेत चार जण. मी शांपूच्या बाटल्या वाचत रांग संपायची वाट बघितली. माझी पाळी आली तेव्हा मागे पुन्हा एक आजी येऊन उभ्या. मी काउंटरवर वाकून हळूच सांगितलं. काउंटरवरची मुलगी आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, "थ्रेडवर्म? घरात किती जण? कोणी दोन वर्षांखालचं? कोणी गरोदर? अंगावर पाजणारं?" गरोदर बायकांना हे औषध सहसा देत नाहीत, त्यांनी सहा आठवडे नुसती काटेकोर स्वच्छता पाळायची. मी मान हलवत होते आणि कान तापले होते. तेवढ्यात मागच्या आजी म्हणाल्या, "माझ्या तिघांना झाले होते, लव्ह. तिघांना, एकाच हिवाळ्यात." आणि मला म्हणाल्या, नखं काप, बाकी सगळं आपोआप होतं. यॉर्कशरमध्ये अनोळखी माणूस लव्ह म्हणतो याची मी आठ वर्षं थट्टा करत आले. त्या दिवशी मला तिथे रडू यायचं बाकी होतं.

मेबेंडाझोलच्या चार गोळ्या, संत्र्याच्या चवीच्या. गंमत म्हणजे डोस सगळ्यांना एकच. साडेचार वर्षांच्या लेकीला 100 मिलिग्रॅम आणि पंच्याऐंशी किलोच्या नवऱ्यालाही तेवढाच. लक्षणं असोत नसोत, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची. नवरा म्हणाला, "मला काही खाजत नाहीये." मी काही न बोलता गोळी त्याच्या ताटात भाजीशेजारी ठेवली. गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. आणि अंडी घरभर पडलेली, दोन आठवड्यांपर्यंत टिकणारी. खरं काम ते.

इथे मला गालिच्याबद्दल बोलायचंय.

या देशात घरभर गालिचा आहे. पाहुण्यांसाठी अंथरून मग गुंडाळायचा तो गालिचा नव्हे, जमिनीला चिकटवून टाकलेला. बेडरूमला गालिचा, जिन्याला गालिचा, पायऱ्यांच्या कोपऱ्यांनाही गालिचा. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरात तर संडासात कमोडभोवती गालिचा होता. शुभ्र! कोणत्या माणसाला हे सुचलं असेल? ज्या देशाने जगाला मलनिस्सारण शिकवलं म्हणतात त्या देशात कमोडभोवती केस उगवलेत. मिरजेच्या घरात शहाबादी फरशी आहे. बादलीभर पाण्यात फिनेल टाकून आई दोन फटके मारते की घर धुतलेलं. इथे मी गुडघ्यांवर बसून व्हॅक्यूमचं बारीक नळकांडं जिन्याच्या तेरा पायऱ्यांच्या तेरा खाचांत फिरवतेय. रोज. पलंगाखाली, गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत. धूळ पुसायची ती ओल्या फडक्याने, आणि फडकं लगेच गरम पाण्यात. चौथ्या दिवशी व्हॅक्यूमच्या डब्यात एवढा राखाडी केसाळ गोळा निघाला की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर, "मांजर आहे का?"

फरशी असती तर हे झालंच नसतं, असं मी नवऱ्याला दिवसातून तीनदा सांगत होते. अंगठा चोखणारी पोरगी फरशीवरही अंगठाच चोखली असती, हे मला कळतं. पण गालिच्याला शिव्या देता येतात, पोरीला देता येत नाहीत.

आमच्या बाजूचं एक मात्र चुकलं, ते कबूल. सकाळी उठलं की चादर झटकायची, हे माझ्या हातांत आहे. चादरीची दोन टोकं धरून फाट्कन आवाज आला पाहिजे, नाहीतर आई म्हणायची, हात आहेत की शेवया? तर या जंतांच्या बाबतीत नेमकं तेच करायचं नाही. झटकली की अंडी उडतात, बसतील तिथे बसतात, श्वासाबरोबर नाकातोंडातही जातात. चादर चारी बाजूंनी हळूच आत दुमडून, गाठोडं करून थेट मशिनमध्ये. आदल्या आठवडाभर मी रोज सकाळी लेकीची चादर तिच्या खिडकीशी उभी राहून मनापासून झटकत होते. तिच्या बाहुल्यांवर. टूथब्रशच्या मगवर.

आणि वाळत घालायचं कुठे? आई म्हणते, "गाद्या उन्हात टाक." कुठलं ऊन, आई? नोव्हेंबरात इथे चारला दिवेलागण होते. तीन पलंगांच्या चादरी, टॉवेल, पायजमे, दोन ससे आणि एक हत्ती, सगळं रेडिएटरभोवती कपडे वाळवायच्या घोड्यांवर टांगलेलं. काचा आतून घामाघूम. घरात लाँड्रीत राहिल्यासारखा दमट वास. रात्री चड्डी घट्ट, नखं मुळापर्यंत कापलेली, दिवसातून दहादा हात धुणं, ब्रश वापरण्याआधी पाण्याखाली धरायचा. दमले मी.

तर या सगळ्यात दुकानातून मिळालेल्या सूचनांच्या कागदावर एक ओळ होती. सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घालावी, नाहीतर निदान खालचा भाग धुवावा. रात्री घातलेली अंडी त्याने निघून जातात.

सकाळी! उठल्याबरोबर!

इथली पद्धत अशी की पोरांना रात्री टबात बुचकळायचं, गोष्ट वाचायची, झोपवायचं. सकाळी तोंडावर ओला हात आणि चला शाळेत. लेक झाल्यापासून आम्ही तीच उचलली. सोयीची आहे, सकाळी वेळ कुठे असतो, अशी मी तिची वकिली करायचे. आई मात्र प्रत्येक फोनवर म्हणायची, "पोरगी पारोशीच जाते का गं शाळेत?" मी वैतागायचे. एकदा तर म्हटलं होतं, आई, हा शब्द आता वापरत नाहीत. आता साहेबाच्या कागदावर छापून आलंय, पोरीला पारोशी पाठवू नका. मी त्या ओळीचा फोटो काढला. आईला पाठवावा की नाही यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत झालं. पाठवला तर ती पुढची वीस वर्षं थांबायची नाही.

आता लेक सकाळी पावणेसातला बादली आणि मग घेऊन टबात बसते. हो, टबात बादली. मगने पाणी घेऊन धुणं तिला आवडतं, आणि कागदाने पुसून उठणाऱ्यांपेक्षा आम्ही मुळातच स्वच्छ, हे मत मी या सगळ्यानंतरही सोडलेलं नाही. जंत आमच्याकडे झाले ते झाले.

शाळेत मी कळवलं नाही. घरी ठेवायची गरज नसते, औषध घेतलं की पोर बिनधास्त शाळेत जाऊ शकतं, मग कशाला, असं मी स्वतःला समजावलं. शुक्रवारी वर्गाच्या व्हॉट्सअपवर एका आईचा मेसेज, "आमच्याकडे थ्रेडवर्म झालेत, सॉरी! तुमच्या पोरांची ढुंगणं बघून घ्या," आणि खाली हसणारी तीन तोंडं. अर्ध्या तासात पाच जणींनी लिहिलं, आमच्याकडेही, आमच्याकडेही. त्यांना किती सोपं आहे हे. त्यांच्या पोराला जंत झाले तर पोराला झाले. आमच्या झाले की मळा, पेरू, पाऊस, सगळं काढायचं. किंवा काढलं नसतंही कोणी. मी तशी संधीच दिली नाही.

सोफ्यावर माझ्या शेजारी लेक संत्र्याची गोळी पुन्हा कधी मिळणार विचारत होती, अंगठा तोंडात. तो काढला, पुसला. मग फोन उचलला, "आमच्याकडेही" असं टाइप केलं, खोडलं, आणि नुसता अंगठा पाठवला.