शब्दांचे भाऊबंद

आमच्या इंग्रजीच्या सरांनी कधी नुसता शब्दार्थ लिहून दिला नाही. शब्द आला की त्याचे भाऊबंद पण फळ्यावर यायचेच. आस्क म्हणजे विचारणं, क्वेश्चन पण तेच, इंटरॉगेट पण तेच, मग तीन कायले पाहिजेत? सर सांगायचे, आस्क हा घरचा जुना इंग्रजी, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनचा, म्हणून आई आस्क करते, साहेब क्वेश्चन करतात आणि पोलीस इंटरॉगेट करतात. तेव्हापासून कुठे कोणता वापरायचा हे कधी पाठ करावं लागलं नाही.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी पिढ्या दरबार, कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, शेवटी १३६२ ला कायदा करावा लागला की कोर्टात इंग्रजीत बोला. जज, जुरी, कोर्ट सगळे तिकडचेच. आपल्याकडे पण बघा ना, नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात जाणारा माणूस वकील, फिर्याद, दावा म्हणतो ते फारसी अमलातून आलेलं. राज्य ज्याचं, कोर्टाची भाषा त्याची, हे सरांनी एका तासात समजावलं.

मला सगळ्यात आवडला तो मटण. फ्रेंचमध्ये मूतों म्हणजे मेंढी, जितीजागती पण आणि ताटातली पण. इंग्रजीत चरणारी ती शीप राहिली आणि शिजलेलं ते मटण झालं. आणि आपल्या सावजीत येईपर्यंत ते बकऱ्याचं झालं!

आता माझं नागपूरच्या महाल भागात छपाईचं दुकान आहे, लग्नाच्या पत्रिका जास्त. रोज कोणीतरी 'प्लीज आरएसव्हीपी' लिहून आणतं. ते फ्रेंच, रेपाँदे सिल व्हू प्ले, म्हणजे कृपया उत्तर कळवावे, त्यात प्लीज आधीच आहे, म्हणून मी ते काढायला सांगतो. आपल्याकडे त्याच्याखाली काका-मामांची नावं आणि मोबाईल नंबर येतात, उत्तर कोणीच कळवत नाही, तो शब्द आपल्या पत्रिकेत 'निमंत्रक' झालाय आणि मला तो वापर चुकीचा वाटत नाही, शब्द असेच फिरतात. पण साखरपुड्याच्या कार्डावर फियान्से मात्र मी स्वतः तपासतो, मुलगा असेल तर शेवटी एक ई, मुलगी असेल तर दोन. उच्चार सारखाच, म्हणून भलेभले गोंधळतात.

शाळेच्या लायब्ररीत शब्दांची मुळं सांगणारा एक चांगला जाड इंग्रजी कोश असावा असं फार वाटतं, मुलांच्या हाताला येईल अशा कपाटात, कुलपात नको. खर्च आमची बॅच करेल, मुख्याध्यापकांनी फक्त हो म्हणावं.