न छेडलेला गंधार

माझ्या आठवणीतला पहिला स्वर कोणी गायलेला नाही आणि कोणी वाजवलेलाही नाही. तो गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, होता, आणि ज्या तंबोऱ्यातून तो आला त्याची एकही तार गंधारात लावलेली नव्हती. मी तेव्हा आठ वर्षांची होते. ज्या बाईंकडे मला गाणे शिकायला पाठवले होते, त्यांनी पहिले दोन महिने मला गाऊच दिले नाही. त्या तंबोरा जुळवत, मला शेजारी बसवत आणि नुसते ऐकायला सांगत. मला त्याचा कंटाळा आला नाही, याचे आज मलाच नवल वाटते. पण तंबोरा जुळवताना पाहणे ही त्या वयात माझ्यासाठी मोठी गंमत होती.

बाई आधी जोडीच्या दोन तारा षड्जात, म्हणजे सा मध्ये, मिळवत, मग पंचमाची, म्हणजे प ची, तार, आणि शेवटी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, जाड पितळी तार. खुंटीने जवळपास आणून ठेवलेला स्वर त्या घोडीपलीकडच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपलीकडच्या, मण्याने नेमका करत. मणी खाली सरकला की तार किंचित चढे, वर आणला की उतरे, आणि हे सगळे इतक्या सूक्ष्म अंतरात घडे की मला फक्त त्यांच्या बोटाचे नख हललेले दिसे. त्यानंतर त्या घोडी आणि तार यांच्यामध्ये अडकवलेला सुती दोरा हलवत. दोरा जागेवर नसला तर तार कोरडी, टणटणीत वाजे. तोच केसभर पुढे सरकला की तिच्यातून एकदम गुंजन उठे, जणू आतापर्यंत मिटलेले काहीतरी उघडले. याला जवारी लागणे म्हणतात, हा शब्द मी लिहायला शिकण्याआधी ऐकला.

अशाच एका सकाळी, चारही तारा लागल्यावर, मी भोपळ्याला कान लावून बसले होते. पंचम, सा, सा, खर्ज अशी आवर्तने चालू होती, आणि खर्जाची तार छेडून झाल्यावर, ती विरत जाताना, वर कुठेतरी एक स्पष्ट स्वर तरंगू लागला. मी विचारले, "बाई, ग कोण म्हणतंय?" त्यांचा हात थांबला नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ऐकू आला तुला? तो आपला आपण येतो. आपण फक्त सा नीट लावायचा." एवढे बोलून त्यांनी मला पहिल्यांदाच सा लावायला सांगितले.

गाण्याची आवड कशी लागली असे मला कोणी विचारले, तर मी हा प्रसंग सांगते. घरातल्या रेडिओवर गाणी असायची आणि ती मला पाठही होती. पण गाणे आवडणे आणि स्वराची ओढ लागणे यांत मला फरक वाटतो. दुसऱ्या गोष्टीची सुरुवात माझ्यापुरती त्या सकाळी झाली. न छेडलेला स्वर ऐकू येतो, हे कळल्यावर प्रत्येक स्वराच्या आत आणखी काय दडले असेल, याचीच उत्सुकता लागून राहिली.

या स्वराला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. त्याचे कारण मला फार उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर समजले, आणि समजल्यामुळे त्यातले नवल तसूभरही कमी झाले नाही. हिशेबाच्या सोयीसाठी संगीतशास्त्राच्या पुस्तकांत मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरतात. मग खर्जाची तार १२० कंपनांची होते. कोणतीही तार कंप पावताना अखंड तर हलतेच, पण त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच भागांतही हलत असते, आणि प्रत्येक भागाचा आपला एक उपस्वर असतो. तीन भागांतून ३६० कंपनांचा मध्य पंचम मिळतो आणि पाच भागांतून ६०० कंपनांचा स्वर मिळतो. वरच्या सप्तकातला, म्हणजे तार षड्ज ४८० कंपनांचा असल्यामुळे ६०० म्हणजे त्याच्या सव्वापट, आणि षड्जाच्या सव्वापट असलेला स्वर म्हणजेच शुद्ध गंधार. माणसाने तो शोधून बसवलेला नाही; षड्ज जिथे आहे तिथे तो आधीपासून आहे.

मग प्रत्येक तंतुवाद्यातून तो इतका स्पष्ट का ऐकू येत नाही, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर जवारीत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात असताना भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला होता. सर्वसाधारण नियम असा की तार जिथे छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची हालचाल शून्य असते, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन, चार, सहा भागांचे उपस्वर गायब व्हायला हवेत. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतीत हा नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवून दिले. याचे कारण घोडी. तिचा माथा धारदार नसून रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो, त्यामुळे कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, आणि या घासण्यातून वरचे उपस्वर सतत नव्याने जागे होत राहतात. तो सुती दोरा हे टेकणे नेमके किती व्हावे ते ठरवतो. बाईंना रामन यांचा निबंध माहीत असण्याचे कारण नव्हते, पण दोरा कुठे थांबवायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मिरजेतल्या कारागिरांनाही ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जवारी काढताना कानस हलकेच फिरवायची, तार छेडून ऐकायचे, पुन्हा फिरवायची, असे त्यांचे काम तासन्‌तास चालते, आणि मोजमापाचे साधन म्हणून त्यांच्याजवळ फक्त कान असतो.

या गंधाराने मला एकदा अडचणीतही आणले. बारा-तेरा वर्षांची असताना एका स्पर्धेत मी भूप राग गायले. साथीला पेटी होती. गंधारावर थांबले की पेटीचा गंधार माझ्यापेक्षा वर जाणवे. मी अस्वस्थ होऊन तो सोडून देई, पुन्हा येई, पुन्हा तेच. परीक्षकांनी मला गंधार उतरतो असा शेरा दिला. मी घरी येऊन खूप रडले, कारण इतर कोणता स्वर चुकला असता तर मी मान्य केले असते, पण गंधार तर मी भोपळ्याला कान लावून शिकले होते.

तो शेरा पूर्ण चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पण त्यामागचे गणित आता मला माहीत आहे. पेटीचे सप्तक बारा अगदी सारख्या पायऱ्यांत वाटलेले असते. त्या वाटणीत मध्य गंधार ३०० कंपनांवर न येता सुमारे ३०२.४ वर येतो आणि तार गंधार ६०४.८ च्या आसपास येतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर हे अंतर सुमारे चौदा भागांचे होते. तंबोऱ्याचा ६०० आणि पेटीचा ६०४.८ एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात, आणि त्या हेलकाव्यांत उभे राहून मी स्वर शोधत होते. शांत खोलीत तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवून गंधाराची पट्टी दाबून धरली, तर हे कोणालाही ऐकता येईल.

अर्थात एवढ्यावरून पेटीला नावे ठेवणे मला पटत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. ती अन्यायाची होती असेच माझे मत आहे. ज्या वाद्याला गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या रसिक कलावंताने मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले, ते वाद्य केवळ पट्ट्यांच्या अंतरांवरून नाकारता येणार नाही. चांगला साथीदार त्या गंधारावर रेंगाळत नाही, गायक तिथे थांबला की तो हात हलका करतो. मला तेव्हा जी अडचण आली ती वाद्याची कमी आणि दोन वेगवेगळ्या मापांची जास्त होती.

गंधाराच्या या वेडामुळे पुढे राग समजायला मदत झाली. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवताकडे ओढला जातो, आणि त्यामुळे एकच गंधार देशकारात परका वाटू लागतो. दरबारीत कोमल गंधार आपल्या जागेपेक्षाही खाली राहून झुलतो, त्याला एका जागी उभे केले की दरबारी नाहीसा होतो. मालकंसात पंचम नसल्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात, आणि एवढ्या एका बदलाने साऱ्या खोलीचा रंग पालटतो. गायक अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या, अवघ्या तीनेक मिनिटांच्या तबकड्या ऐकताना मी चीज, म्हणजे बंदिश, सुरू होण्याआधीच अडकून पडते, कारण ते एखाद्या स्वरावर येऊन ज्या निश्चिंतीने राहतात, ती निश्चिंती मला तंबोऱ्याशेजारी वाढलेल्या कानाची वाटते.

मी गायिका झाले नाही. नोकरी, घर, आजारपणे यांत जवळजवळ चौदा वर्षे तंबोऱ्याला गवसणी होती. त्या काळात ऐकणे सुटले नाही, पण स्वतःचा सा लावणे सुटले, आणि पुन्हा बसले तेव्हा माझा सा पेटीच्या काळी चार पट्टीवरून काळी दोनवर उतरला होता. मोबाइलवरचा तंबोरा हाताशी आहे आणि रियाजाला तो मी वापरतेही. प्रवासात त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र तो जुळवावा लागत नाही, हीच त्यातली माझ्यासाठी उणीव आहे. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे तारा जुळवण्यात जातात, हवा दमट असली तर त्याहून जास्त, आणि ती मिनिटे मला गाण्याइतकीच प्रिय आहेत. त्या वेळी कानाला दुसरे काही काम नसते.

अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. हिशेबाने पाहिले तर पंचमाच्या तारेतही स्वर दडलेले आहेत: ती १८० कंपनांची, म्हणून तिच्या पाच भागांतून ९०० कंपनांचा तार सप्तकातला निषाद मिळतो आणि तीन भागांतून ५४० कंपनांचा ऋषभ. कागदावर हे मला दहा वर्षांपासून माहीत होते, पण ऐकू कधी आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात तो निषाद पहिल्यांदा आला, अगदी बारीक, पंचमाची तार छेडल्यावर आणि जोडीच्या तारेवर बोट पडायच्या आत. आता तो बहुतेक दिवशी येतो. ऋषभ आतापर्यंत दोनदाच ऐकू आला आहे, आणि दोन्ही वेळा खात्री करून घ्यायला मी श्वास रोखून पुन्हा तीच तार छेडली, तेव्हा तो तिथे नव्हता. सध्या मी दोरा रोज थोडा थोडा मागे-पुढे करून पाहते आहे.