शिझुतानीच्या शाळेत

जपानमधल्या ओकायामा शहरातल्या पहिल्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या रात्रीच आमच्या हाती पडला होता. सकाळी कोराकुएन बाग, मग एक प्राथमिक शाळा, तिथेच मुलांबरोबर जेवण, दुपारी बिझेनजवळची शिझुतानी शाळा आणि संध्याकाळी ज्यांच्या घरी राहायचं त्या कुटुंबांची भेट. मी तेव्हा पुण्यात कॉलेज करता करता जपानी शिकत होते. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी निवडलेल्या गटात माझं नाव लागलं आणि दिवाळी आटोपताच आम्ही निघालो. सामानात चकल्या आणि शंकरपाळ्यांचे डबे होते.

पुणेकरांना कोराकुएन फारसं परकं वाटत नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. मूळ बाग मात्र त्याहून कितीतरी मोठी. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये तिचं काम सुरू केलं आणि 1700 मध्ये ते पुरं झालं. हिरवळ संपते तिथे नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. 1934 च्या पुराने आणि 1945 च्या बाँबहल्ल्याने बागेची मोठी हानी झाली होती. जुनी चित्रं आणि नकाशे समोर ठेवून ती पुन्हा घडवली, असं आम्हाला सांगितलं. जळालेला किल्लाही 1966 मध्ये पुन्हा बांधला. मी बघत होते ते सगळं एकदा नाहीसं होऊन परत उभं केलेलं आहे, हे कळल्यावर माझं बघणंच बदललं.

प्राथमिक शाळेत दारातच बूट काढून आत घालायच्या चपला चढवल्या. जेवणाच्या वेळी पांढरे एप्रन बांधलेली मुलंच वाढत होती. जेवण झाल्यावर त्यांनी बाकं मागे सारली, ओली फडकी घेतली आणि ओणवं होऊन वर्ग पुसायला सुरुवात केली. कुणी ओरडत नव्हतं, कुणी टंगळमंगळ करत नव्हतं. आम्हीही फडकी मागून घेतली. आपल्या शाळेत शनिवारी पाळीने वर्ग झाडायचो, शहाबादी फरश्या धुवायचो, ते हाताला अजून आठवत होतं.

पण त्या दिवशी मनात घर केलं ते शिझुतानीने. बसने तासाभराचा रस्ता, मग झाडीने वेढलेलं खोरं आणि त्यात ही शाळा. 1670 मध्ये इकेदा मित्सुमासाने ती काढली. हा त्सुनामासाचा बाप. सरदारांच्या मुलांना शिकायच्या सोयी होत्याच. इथे शेतकऱ्यांच्या, गावच्या सामान्य माणसांच्या मुलांना प्रवेश होता. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट! बांधकामाची जबाबदारी होती त्सुदा नागातादा याच्यावर. शाळा कायम टिकली पाहिजे, ही मित्सुमासाची इच्छा होती आणि नागातादाने ती अक्षरशः पाळली. 1701 मध्ये पूर्ण झालेल्या सभागृहाला साधी कौलं नाहीत. भट्टीत कडक भाजलेली, बिझेनच्या प्रसिद्ध मातीकामाची तांबूस कौलं आहेत. मुलांच्या वसतिगृहात आग लागली तर ती सभागृहापर्यंत पोचू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये चक्क एक टेकडी उभारली आहे. सगळ्या आवाराभोवती 765 मीटर लांबीची, माथ्याला गोलाई दिलेली दगडी भिंत आहे. तिच्या सांध्यांवरून मी बोट फिरवून पाहिलं. दगड एकमेकांत इतके चपखल बसवलेत की फट सापडेना.

सभागृहात लाकडी जमीन आहे. पिढ्यान्‌पिढ्या पुसून ती अशी गुळगुळीत झालीये की खिडक्यांचा उजेड तिच्यात तळ्यातल्यासारखा उतरतो. आजही विद्यार्थी तिथे गुडघे मोडून बसतात आणि कन्फ्यूशियसची वचनं एका सुरात म्हणतात. आम्हीही तसेच बसलो, मार्गदर्शकाच्या मागोमाग म्हणालो. पायांना मुंग्या आल्या, पण उठवेना. बाहेर कन्फ्यूशियसच्या समाधीजवळच्या झाडाच्या बियांपासून वाढवलेली दोन झाडं आहेत. नोव्हेंबरात एक लाल झालं होतं, दुसरं पिवळं. त्यांच्याखाली आम्ही सगळ्यांनी फोटो काढून घेतले.

संध्याकाळी यजमान घरच्या आजींनी माझ्या पानात वाढता वाढता विचारलं, "तुमची शाळा कशी आहे?" मोडक्या जपानीत मी आपल्या प्रार्थनेच्या सभागृहाचं वर्णन केलं. मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या, भिंतीवर गुणवंतांच्या नावांचे फलक, पावसाळ्यात दाटणारा ओल्या रेनकोटांचा वास. एवढं सगळं मला त्या भाषेत सांगता आलं याचं मलाच नवल वाटलं. आजी मन लावून ऐकत होत्या. किती जुनं, छत कुणी बांधलं, आता कोण बघतं, असं बारीकसारीक विचारत राहिल्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याच सभागृहाची कौलं उतरवून स्लॅब टाकायचा विचार चालू आहे, असं कानावर आलं. गळती आहे, खर्च आहे, वर्गखोल्या कमी पडतात, हे मला मान्य आहे. तरीही व्यवस्थापनाला मनापासून विनंती आहे की नव्या खोल्या मागच्या मोकळ्या जागेत बांधाव्यात आणि सभागृहाची दुरुस्ती करावी. कैच्या अजून भक्कम आहेत की नाहीत, हे आधी जाणकार सुताराकडून तपासून घ्यावं. कौलांच्या खर्चाचा वाटा उचलायला आमच्या तुकडीतल्या मैत्रिणी तयार आहेत. इतर तुकड्यांनीही या निमित्ताने पुढे यावं.