तुम्ही विचारलंत म्हणून: भुरीच्या गळ्यातलं नरसाळं

लग्नात, एसटीत, गिरणीत दळणासाठी उभी असताना, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो. "मुक्या जनावराला महिनाभर गळ्यात नरसाळं घालून न्हाणीत का कोंडलंत? चाटून बरी झाली असती की." विचारणाऱ्यांनी माझ्या भुरी मांजरीचा मागचा पंजा पाहिलेला असतो, दोन बोटं नसलेला. आजवर मी "डॉक्टरांनी सांगितलं होतं" एवढंच म्हणून गप्प बसले. आता नीट सांगते.

डुकरांसाठी तारेची फासकी कुणी लावली हे वाडीला ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. डुकरं भात उद्ध्वस्त करतात हे मलाही दिसतं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासकी लावायला बंदी आहे, आणि ती तार समोर डुक्कर आहे, बिबट्या आहे की मांजर, हे बघत नाही. श्रावणात भुरी तार पायात घेऊनच घरी आली. चिपळूणला नेऊन टाके घातले, बँडेज बांधलं, जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन अडकवला, तेच हे नरसाळं. १४ दिवस काढायचा नाही असं बजावून सांगितलं होतं.

चाटण्याबद्दल बोलते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात. हाडावरचं मांस ती त्याच जिभेने खरवडते. बारीक ओरखडा चाटून बरा होतो, मीही पाहिलाय. पण टाक्यांवर ती जीभ फिरली की दोरा सुटतो, आणि तोंडातले जंतू आत जातात. मांजर चावलं की आपला हात कसा सुजतो ते आठवा.

पहिल्याच दिवशी तिने पुढचा पंजा आत घालून कोन उपसून काढला. मग मी त्याच्या बुडाच्या फटींतून सुती नाडी ओवली आणि मानेशी दोन बोटं जातील एवढी सैल बांधली. तरी तोंड पायापर्यंत पोचत होतं, कारण कोनच आखूड होता. यजमानांच्या जुन्या एक्स-रेची फिल्म कापून कडेला चिकटवली, नाकाच्या पुढे दोन बोटं येईल एवढी. उपड्या वाटीवर छोटी बशी ठेवून जेवण दिलं, म्हणजे कोनाची कड बशीबाहेर टेकते. शी-शूला वाळूऐवजी कागदाचे तुकडे. अंग चाटता येत नाही म्हणून दोनदा ओल्या फडक्याने पुसायची, कानामागे खाजवायची. कुणीतरी दुखण्यावर पाव गोळी पॅरासिटामॉल द्या म्हणालं. मांजराला ती विष आहे. डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचली.

एवढं सगळं केलं. आणि तिसऱ्या रात्री मीच तो कोन काढला.

पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. भुरी न्हाणीच्या दारावर कोन आपटत होती. ठक, ठक. मध्येच लहान मुलासारखं रडायची. सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, "सोड गो तिला, जीव घेशील." मलाही तेच वाटत होतं, उगाच त्यांच्यावर ढकलत नाही. दोनच्या सुमाराला कंदील घेऊन आत गेले. पाच मिनिटं अंग चाटू दे, मी समोरच बसते, असं म्हणून नाडी सोडली. तिने आधी छाती चाटली, मग मान. घुरघुर करायला लागली. भिंतीला टेकून मला किती बरं वाटलं, आणि डोळा लागला.

जागी झाले तेव्हा बँडेज न्हाणीभर पसरलेलं, टाके निघालेले, आतलं मांस लाल दिसत होतं. मी घाबरले. घरात होती ती पट्टी घेतली आणि पुन्हा सुटू नये म्हणून आवळून बांधली. पंजासकट. वरून चिकटपट्टी.

सकाळी भुरी शांत होती. मी म्हटलं, आराम पडला. त्या दिवशी शेतात बेणणीला, तण काढायला, माणसं होती, म्हणून चिपळूण उद्यावर टाकलं. बँडेजच्या टोकाला मधली दोन बोटं उघडी ठेवायची असतात. ती सुजली, गार पडली, नखं एकमेकांपासून फाकली, तर पट्टी घट्ट झाली असं समजायचं. हे मला सांगितलेलं होतं. मी बोटंच झाकून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी कापली तेव्हा वास आला. दोन बोटं काळी पडत गेली, आठवड्याने काढावी लागली. त्यानंतर मी तिच्या रडण्याने दार उघडलं नाही. तुम्ही नावं ठेवता ते त्या दिवसांना. ठेवा. त्या दिवसांत माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग त्या रात्रीचं? तारेनेच बोटांचा रक्तपुरवठा तुटला असेल, ती तशीही गेली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "असू शकेल," म्हणाले. काही दिवस मी ते घट्ट धरून ठेवते. मग तिचं ते सकाळचं गप्प पडून राहणं आठवतं. तेव्हाच्या मला हलवून विचारावंसं वाटतं, बोटं का नाही बघितलीस? ती म्हणते, भुरी रडत होती, मी काय करणार होते? आणि मला तिला उत्तर देता येत नाही.

कोन न्हाणीत खुंटीला होता. परवा शेजारची मुलगी तिच्या बोक्यासाठी मागायला आली. नवी नाडी ओवून दिली, कुठे दोन बोटं सोडायची ते तिच्या हाताने करून घेतलं. जाताना म्हटलं, रात्री तो रडायला लागला आणि नाडी सोडावीशी वाटली, तर आधी मला हाक मार. कितीही वाजलेले असोत, मी येईन.