पंचगंगेची पूररेषा आणि भिंतीवरच्या खुणा

पावसाळ्यात कोल्हापूरकर भेटला की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, "पाणी किती फुटांवर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. त्यामुळे प्रबंधासाठी पंचगंगेच्या पूरक्षेत्राचा नकाशा करायला घेतला तेव्हा वाटलं, हे तर घरचंच काम.

पहिली ठेच या फुटांनीच लागली. बंधाऱ्यावरचे फूट तिथल्या पट्टीच्या शून्यापासून, अंतराळातून मोजलेली जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून आणि मीटरमध्ये. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत माझी नदी टेकडीवरून वाहत होती.

मग उंचीचा घोळ. एसआरटीएम नावाचा जमिनीच्या उंचीचा फुकट डेटा घेतला, ३० मीटरच्या चौकोनांचा. तो फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने टिपलेला. रडारला उघडी जमीन दिसतेच असं नाही, वरची घरं-झाडंही उंचीत मिसळतात. आणि फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऐन गाळप हंगाम. एका शेतातला ऊस तुटलेला, शेजारचा उभा! चिखली-आंबेवाडीच्या सपाट रानात मला दिसणाऱ्या उंचवट्यांपैकी खरे किती आणि उसाचे किती, देव जाणे. इथे अर्ध्या मीटरच्या फरकाने अख्खी गल्ली बुडते किंवा कोरडी राहते.

पडताळ्याला ऑगस्ट २०१९ च्या महापुराची सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडारचित्रं काढली. ढगांतून आरपार दिसतं हा त्यांचा मोठा गुण. शांत पाणी काळंभोर उमटतं. पण दाट वस्तीत रडारच्या लाटा पाण्यावरून भिंतीवर आपटून परत फिरतात आणि तो भाग उलट उजळ दिसतो. म्हणजे जिथे माणसं होडीतून काढली, ती गल्ली चित्रात कोरडी.

शेवटी लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी, खांद्यावर टाकून गल्ल्या पालथ्या घातल्या. लोकांनी दाराच्या चौकटीवर, भिंतीवर खुणा करून ठेवल्यात: २००५, २०१९, २०२१. कुठे कोळशाने, कुठे ऑइलपेंटने. माझ्या लेखी यापेक्षा चांगला डेटा नाही. शाहूपुरीतल्या एका आज्जींकडची खूण माझ्या नकाशापेक्षा जवळजवळ हातभर वर निघाली. त्या म्हणाल्या, "नदी कुठं आली बाळा? नालाच उलटा आला."

शहरातला जयंती नाला मी पुराच्या संगणकी मॉडेलमध्ये घेतलाच नव्हता! शिवाय खालच्या टोकाला नदी मोकळी वाहते असं धरलं होतं. प्रत्यक्षात नरसोबाच्या वाडीच्या संगमावर कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, फुगवटा मागे येतो. नाल्याचे आडवे छेद, म्हणजे रुंदी-खोली, मोजले, संगमाची पातळी घातली, हेक-रास हे पुराचं गणित करणारं सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. आता खुणा बऱ्याच जुळल्या.

पूररेषा दोन. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. हा 'एकदा' फार फसवा. २०१९ नंतर कित्येकांना वाटलं, आता आपल्या हयातीत नाही, आणि २०२१ उजाडलं. लाल रेषेचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती २६ टक्क्यांवर जाते. कर्जाचा हिशोब सांगितला की लोकांना चटकन कळतं.

नकाशा दाखवायला गेलो तेव्हा आज्जींनी विचारलं, "आमचं घर कंच्या रेघेत?"

"लाल."

त्यांनी दार पुढं केलं. "कुनाला सांगू नगंस. धाकट्याला इकायचंय."