खडकीतला शब्बाथ

आळते म्हटलं की आमच्या हातकणंगले भागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, रामलिंगाचं देवस्थान आणि ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी विसावा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, मिशनची शाळा. लहानपणी मला त्या शाळेतल्या पोरांचा हेवा वाटायचा. शनिवारी आम्ही डोळे चोळत सकाळच्या शाळेला निघायचो, कवायतीला उभे राहायचो, आणि त्यांना मात्र शनिवारी सुट्टी! पुढे कॉलेजात माझी जिच्याशी गट्टी जमली ती तिथेच शिकलेली. शनिवारच्या तासांना ती कधी दिसली नाही. सोमवारी माझ्या वह्या मागून न्यायची आणि रात्रीत उतरवून परत द्यायची.

ती आता आईबरोबर पुण्यात खडकीला राहते. "डिसेंबरातला शेवटचा शब्बाथ आमच्याकडे कर," असं तिचं बरेच दिवस चाललं होतं. शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस. या खेपेला जमवलं. तिने एकच बजावलं होतं, शुक्रवारीच निघ आणि दिवस मावळायच्या आत घरी पोच.

म्हणून सकाळची कोयना एक्सप्रेस धरली. ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे मिरज-सांगलीपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना अर्धे तुटलेले फड आणि वाढे लादलेल्या बैलगाड्या. साताऱ्याच्या पुढे वाठार-आदर्कीच्या घाटात गाडी रेंगाळते, बोगदे लागतात, मग नीरा, जेजुरी. पुणे स्टेशनवर लोणावळा लोकल बदलून खडकीला उतरले तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं.

घरात लगीनघाई चालली होती. मावशी, म्हणजे मैत्रिणीची आई, एका बाजूला इस्त्री करत होत्या आणि दुसरीकडे शेगडीवर पातेलं. चपला-बूट पुसून दारात ओळीने मांडलेले. दूधवाल्याचे पैसे देऊन झालेले, स्कूटरमध्ये पेट्रोल भरलेलं. "ये गं बाई, हात-पाय धू आणि ही कोथिंबीर निवड. उद्या विळीला हात लावायचा नाही," त्यांनी मला आल्या आल्या कामाला लावलं. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. त्या वेळात खरेदी नाही, विक्री नाही, धंदा नाही, अभ्यास नाही, आणि स्वयंपाक आदल्या दिवशी करून फक्त गरम करायचा. शुक्रवार हा त्यांचा तयारीचा दिवस. ही धावपळ पाहिल्यावर कळतं की विसावा आपोआप मिळत नाही, त्यासाठी आधी घरातल्या सगळ्यांना राबावं लागतं.

पातेल्यात ग्लुटेनची भाजी होती. ॲडव्हेंटिस्ट घरांमध्ये हा पदार्थ मुरलेला आहे. गव्हाची कणीक घट्ट मळून पाण्याखाली धुवत राहायची. सगळं सत्त्व पांढऱ्या पाण्यातून निघून गेलं की हातात रबरासारखा गोळा उरतो. तो उकडून, तुकडे करून मसाल्यात शिजवतात. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक ठेवतो आणि चोथा टाकतो, इथे चीक जातो आणि चिवट भाग राहतो. मटणाच्या रश्श्यात घालावं तसं सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण केलेलं. चव उत्तम.

सहा वाजून गेले आणि सूर्य मावळायला टेकला तसे तिघी सतरंजीवर बसलो. टीव्ही बंद, मोबाइल कपाटात. एक गीत झालं, मैत्रिणीने शास्त्रवाचन केलं, मग मावशींनी प्रार्थना केली. त्यांच्या प्रार्थनेत माणसांची यादीच होती. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोण सुनेशी भांडून बसलंय. ही सगळी माणसं दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मला भेटली, आणि मावशींनी प्रत्येकाजवळ जाऊन नेमकं तेच विचारलं.

त्या रात्री त्यांनी जुनी हकिकत सांगितली. 22 ऑक्टोबर 1844 रोजी ख्रिस्त परत येणार असं मानून अमेरिकेत हजारो माणसं वाट पाहत होती. विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने पवित्र शास्त्रावरून त्या सुमाराचा हिशेब मांडला होता, आणि नेमकी तारीख त्याचा अनुयायी सॅम्युएल स्नो याने काढली. तो दिवस गेला. पुष्कळ जण पांगले. जे थोडके उरले त्यांनी पुन्हा शास्त्र उघडलं, सातव्या दिवसाचा शब्बाथ धरला, आणि 1863 मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ही मंडळी रीतसर स्थापन झाली. आपल्याकडे कॉर्नफ्लेक्समुळे माहीत झालेले केलॉग बंधू त्याच गावचे आणि त्याच वर्तुळातले. आज जगभरात या मंडळीचे 2 कोटींहून अधिक सभासद आहेत. एवढ्या मोठ्या निराशेतून उठून माणसं शाळा आणि दवाखाने बांधायला लागली, हे मला फार मोठं वाटतं.

सकाळी चहा नव्हता. चहा-कॉफी, दारू, तंबाखू यांच्यापासून ही मंडळी लांब राहते. डुकराचं मांस वर्ज्य, आणि बायबलमधल्या लेवीय पुस्तकातल्या नियमाप्रमाणे खेकडे-कोळंबीही वर्ज्य. बरेच जण तर पूर्ण शाकाहारी. मावशींनी गवती चहाचा आलं घातलेला काढा दिला आणि आम्ही साडेनवाच्या शब्बाथशाळेला निघालो.

दारातच "हॅपी सॅबथ" आणि "जय ख्रिस्त" असे दोन्ही नमस्कार कानावर आले. शब्बाथशाळा फक्त मुलांची नसते, मोठेही गटागटाने बसतात. तीन महिन्यांचा पाठ छापील पुस्तिकेत असतो आणि त्या आठवड्याचा पाठ सगळ्या जगात एकच. आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका, एक रिक्षावाले काका, दोन कॉलेजची मुलं आणि सोलापूरहून लेकीकडे आलेल्या एक आजी होत्या. पाळक, म्हणजे धर्मगुरू, बोलतील आणि बाकीचे ऐकतील असला प्रकार नाही. रिक्षावाले काका एका वचनावर अडून बसले, परिचारिकाबाईंनी त्यांना दुसरं वचन काढून दाखवलं, आजींनी दोघांना गप्प करून आपल्या दिवंगत नवऱ्याची गोष्ट सांगितली. तासभर कसा गेला कळलं नाही.

तिमाहीचा शेवटचा, म्हणजे तेरावा शब्बाथ होता. लहान मुलांनी तेराही आठवड्यांची पाठ केलेली वचनं पुढे येऊन म्हणून दाखवली. एक चिमुरडी सातव्यापाशी अडकली तर पहिल्या रांगेतून पाच-सहा आवाजांनी तिला पुढचा शब्द दिला. या दिवशी जगभरातल्या मंडळ्यांच्या खास अर्पणातला वाटा कुठल्यातरी एका भागातल्या शाळा-दवाखान्यांच्या कामाला जातो. खडकीतल्या आजींच्या रुमालाच्या गाठीतली नोट कुठल्यातरी परक्या देशातल्या वर्गखोलीला लागते, आणि आजींना त्या देशाचं नावही पाठ असतं.

त्यानंतर जे झालं, त्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

प्रभुभोजनाचा शब्बाथ होता. ॲडव्हेंटिस्ट मंडळीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी एकमेकांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13 व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याला धरून ही रीत आहे. पुरुष एका खोलीत गेले, बायका दुसऱ्या. घमेली, कोमट पाणी, स्वच्छ टॉवेल. जोड्या लागल्या. मी मागे उभी राहिले होते, कारण मी त्या मंडळीची नाही. मावशी आल्या, माझा हात धरून खुर्चीवर बसवलं आणि खाली बसून माझा पाय घमेल्यात घेतला.

मी पाय मागे ओढला. साठी ओलांडलेली बाई, माझ्या आईच्या वयाची, माझ्या पायाला हात लावणार? आमच्या घरात चुकून थोरल्यांना पाय लागला तरी लगेच हात लावून नमस्कार करायचा. पाया पडायचं ते धाकट्याने थोरल्याच्या, सुनेने सासूच्या. ती वाट कायम खालून वर जाते. "आधी मी, मग तू," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पाय धुतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि मी त्यांचे धुतले. टाचांना भेगा होत्या. दोघींनी हात धरून प्रार्थना केली आणि गळाभेट घेतली.

शेजारी काय चाललंय ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. शुक्रवारी प्रार्थनेत जिचं नाव आलं होतं ती रुसलेली सासू आणि तिची सून एकाच घमेल्यापाशी होत्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिका, तिथेच धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंचे पाय पुसत होत्या. ज्या मुलखात कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं जोखली गेली, जिथे महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्या मुलखात दर तिमाहीला एका खोलीत असं पाणी वापरलं जातं. एवढ्याने सगळी उतरंड मोडते असं मी म्हणत नाही. पण ज्या हाताने आपले पाय पुसले त्या हाताचा कप सोमवारी वेगळा ठेवणं सोपं नाही.

मग सगळे पुन्हा सभागृहात जमले. बेखमीर भाकरीचे तुकडे आणि न आंबवलेला द्राक्षरस फिरला. पाळकांनी मलाही दिला. श्रद्धेने येणाऱ्या कोणालाही इथे अडवत नाहीत.

जेवण सगळ्यांनी घरून आणलेल्या डब्यांचं. मसालेभात, छोले, मटकीची उसळ, कोणाच्या घरची इडली, मणिपूरच्या दोन विद्यार्थिनींनी आणलेली उकडलेल्या भाज्यांची झणझणीत चटणी. मावशींच्या ग्लुटेनचा डबा पहिल्या पंगतीतच संपला. जेवताना शनिवारचा विषय निघाला, तो निघतोच. मैत्रिणीच्या वडिलांनी कारखान्यात शनिवारची पाळी नाकारली, तेव्हा त्यांना दर महिन्याला त्या दिवसांचा पगार सोडावा लागायचा आणि बढतीही हुकली. एका मुलाचा पदवीचा पेपर शनिवारी आला म्हणून त्याचं वर्ष गेलं. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण त्याची आई ताटातला घास तसाच धरून खाली बघत होती. आपल्याकडे परीक्षांची वेळापत्रकं आखणाऱ्यांनी अशा मूठभर मुलांसाठी वेगळा दिवस ठेवला तर कोणाचं काहीही बिघडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी औंध रस्त्यावरच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाच्या आवारात फेरी झाली. 1915 मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था बंगळूरमार्गे 1942 मध्ये मुळेकाठी इथे आली आणि 2014 मध्ये विद्यापीठ झाली. नाव विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर यांचं. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात येऊन 'ओरिएंटल वॉचमन' या मासिकाचं संपादन करत होते आणि पुढे 1922 ते 1930 या काळात जागतिक मंडळीचे अध्यक्ष झाले. त्याच मासिकाच्या नावाचं प्रकाशनगृह आज पुण्यातच सॅलिसबरी पार्कला आहे. औंध-खडकीच्या जुन्या लोकांना स्पायसर म्हटलं की आधी तिथल्या बेकरीचा ब्राऊन ब्रेड आठवतो. शनिवारी तोही मिळत नाही.

एका झाडाखाली पाथफाइंडर, म्हणजे मंडळीच्या स्काउटसारख्या गटातली मुलं, जमले होते, 10 ते 15 वर्षांची, गळ्यात पिवळा स्कार्फ. गाठी मारणं, तारे ओळखणं, प्रथमोपचार, पक्षी, स्वयंपाक असल्या शेकडो विषयांचे बिल्ले मिळवता येतात. एका मुलीने मला दोन गाठींमधला फरक तीनदा करून दाखवला. तिच्या पट्ट्यावर मधमाश्यांचा बिल्ला होता आणि तिला सांगलीच्या माझ्या मामाच्या मधपेट्यांबद्दल सगळं हवं होतं.

सूर्यास्ताची प्रार्थना मैदानाच्या कडेलाच झाली. आमेन म्हणून दहा मिनिटं झाली नसतील तोच व्हॉलीबॉलचं जाळं लागलं आणि सकाळी गंभीरपणे भाकर वाटणारे वडीलमंडळी बाह्या सरसावून सर्व्हिस करायला लागले.

जाळ्याशेजारीच पुढचं नियोजनही चाललं होतं. जानेवारीत दहा दिवसांची प्रार्थना, ती जगभर एकाच वेळी असते. इथे ती रोज संध्याकाळी वेगवेगळ्या घरी होणार, आणि घरं ठरवताना मुद्दाम जी माणसं चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची घरं आधी घेतली. मार्चमध्ये जागतिक युवा दिन. त्या शब्बाथला तरुणांनी प्रवचन ऐकत बसायचं नाही, बाहेर पडून काम करायचं, असा दंडक आहे. यंदा एका वृद्धाश्रमाची रंगरंगोटी आधीच्या रविवारी उरकून शब्बाथला तिथल्या आजी-आजोबांबरोबर गाणी म्हणायची असं ठरलं. परिचारिकाबाई रक्तदाब-मधुमेह तपासणीच्या शिबिरासाठी माणसं हेरत होत्या. मे महिन्यात मुलांची सुट्टीतली बायबल शाळा आहे, तिला वस्तीतल्या कुठल्याही धर्माच्या मुलांनी यावं म्हणून पत्रकं घरोघर जाणार आहेत. आणि पाथफाइंडरांना तंबू ठोकायला डोंगर हवाय.

डोंगराचं मी लगेच बोलून टाकलं. आमच्याकडे रामलिंगाच्या बाजूला जागा आहे, पाणी आहे, आणि आळत्याच्या शाळेची माणसं मदतीला आहेत. पाळकांनी वहीत लिहून घेतलं आणि रविवारी सकाळी मी कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत असताना त्यांचा फोन आला, पन्नास मुलं धरून चाला, आणि मधपेट्या बघायला सांगलीला मध्ये थांबता येईल का ते मामांना विचारा.